संत थॉमस खरंच केरळात आला होता का?

मिरीचा_व्यापारी:
३ जुलै हा संत थॉमसचा सण. दरवर्षी त्या सुमारास तेच वाक्य फिरतं: इ.स. ५२ मध्ये येशूचा हा शिष्य कोडुंगल्लूरला उतरला, सात चर्चेस स्थापली आणि इ.स. ७२ मध्ये मैलापूरला (आजच्या चेन्नईत) हुतात्मा झाला. इतक्या ठामपणे, की जणू कुणी तेव्हाच तारीख टिपून ठेवली होती! माझं मत स्पष्ट आहे. ही श्रद्धा आहे, तिचा मान राखावा, पण इतिहास म्हणून शिकवू नये. केरळातच मिळालेला, तिथल्या ख्रिस्ती समाजाचा पक्का काळ सांगणारा सर्वांत जुना दस्तऐवज म्हणजे कोल्लमचे ताम्रपट, आणि ते इ.स. ८४९ चे. मधली आठशे वर्षं कशाने भरायची?

गोदाकाठ:
असहमत. 'थॉमसची कृत्ये' हा सिरियाक (पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती लोकांची भाषा) ग्रंथ तिसऱ्या शतकातला, एडेसा (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) भागातला. त्यात हब्बान नावाचा व्यापारी थॉमसला विकत घेऊन गोंडोफर्नीस राजाकडे नेतो. राजा महाल बांधायला पैसे देतो, थॉमस ते गोरगरिबांत वाटून टाकतो आणि विचारल्यावर म्हणतो, तुमचा महाल स्वर्गात उभा राहिलाय. या राजाचा इतर कुठे पत्ता नव्हता. मग एकोणिसाव्या शतकात त्याची नाणी निघाली. तख्त-ए-बाहीचा शिलालेखही मिळाला, त्यावरून तो इ.स. ४६ च्या सुमारास गादीवर होता असं ठरतं. दोनशे वर्षांनी लिहिणाऱ्याला हे नाव आणि हा काळ कुठून कळला? काहीतरी खरी आठवण शिल्लक होती म्हणूनच ना?

मिरीचा_व्यापारी:
@गोदाकाठ, मुद्दा वजनदार आहे, पण गोंडोफर्नीसचं राज्य वायव्येला, म्हणजे तो तुम्हाला पेशावर-तक्षशिलेकडे नेतो. तिथून मलबार कुठल्या कुठे!

पेरियार:
मी मुंबईत वाढलेली, घराणं केरळचं, सिरियन ख्रिस्ती. मलबारला यायला तक्षशिलेवरून कशाला यावं लागतंय? तांबड्या समुद्रातून मोसमी वाऱ्यावर गलबतं थेट मुझिरिस या मलबारच्या प्राचीन बंदराला यायची, मिरी न्यायला. हे बंदर जिथे होतं असं मानतात त्या पट्टणमच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांचे ढिगाने तुकडे निघालेत. आणखी एक सांगा: थॉमसचा मृत्यू आपल्या भूमीत झाला असं दुसरा कुठला देश म्हणतो? एडेसात त्याच्या अस्थी होत्या, पण चौथ्या शतकातला तिथला कवी एफ्रेमसुद्धा त्या भारतातून आणल्या असंच सांगतो.

मिरीचा_व्यापारी:
वाट होती म्हणजे हाच माणूस त्या वाटेने आला, असं होत नाही. पट्टणमला मद्यकुंभ मिळाले, पहिल्या शतकातली ख्रिस्ती खूण मिळालेली नाही.

उंबरठा:
मला आक्षेप आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. थॉमसने नंबुद्री (केरळी ब्राह्मण) घराण्यांना बाप्तिस्मा दिला, ही कथा. पहिल्या शतकात केरळात नंबुद्री होते याला पुरावा नाही. ही कथा टिकली ती जातीतला वरचा मान टिकवायला, आणि दलित ख्रिस्ती त्याच चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मागे बसले. मृत्यूच्या कथेचंही तसंच. 'थॉमसची कृत्ये' या जुन्या ग्रंथात राजाच्या हुकमाने चार शिपाई भाल्याने मारतात. मार्को पोलो तेराव्या शतकात ऐकतो ते असं: थॉमस रानात प्रार्थना करत होता, भोवती मोर होते, कुणीतरी मोरावर सोडलेला बाण चुकून त्याला लागला. मग ब्राह्मणांनी मारलं ही गोष्ट आली, आणि आज मैलापूरवरून जी भांडणं होतात ती तिच्यावरच. कोणती कथा कुणाच्या सोयीची, हे आधी बघा.

वसईकर:
आपल्याकडे महाराष्ट्रातही हाच प्रश्न आहे. येशूचा दुसरा शिष्य बार्थोलोमिव कल्याणला आला असं काही अभ्यासक मानतात. चौथ्या शतकातला चर्च-इतिहासकार युसेबियस याच्या ग्रंथात तो 'इंडिया'त गेल्याचं येतं, पण तेव्हा अरबस्तानालाही इंडिया म्हणत. कॉस्मास या ग्रीक प्रवाशाने सहाव्या शतकात 'कल्लियाना'त (बहुधा कल्याण) बिशप असल्याचं लिहिलंय, तेवढं मात्र भक्कम.

पेरियार:
@उंबरठा, जातीबद्दलचं तुमचं बोलणं मान्य, आमच्या घरातही त्यावर बोलायला लोक कचरतात. पण थॉमसचा वारसा एवढाच नाही. पोर्तुगीजांनी १५९९ च्या उदयंपेरूर धर्मसभेत आमची सिरियाक पुस्तकं जाळायला लावली. ३ जानेवारी १६५३ ला मट्टांचेरीत लोकांनी क्रुसाला दोर बांधून, तो हातात धरून शपथ घेतली, की जेझुइटांची (कॅथलिक धर्मसंघातल्या पाद्र्यांची) सत्ता यापुढे मानणार नाही. तेव्हा त्यांचं म्हणणं होतं, आमचा मार्ग थॉमसचा. मिरीचा_व्यापारी, ८४९ चा ताम्रपट तुम्ही मानता. मग १६५३ मध्ये ज्या नावावर हजारो माणसं युरोपच्या सत्तेपुढे उभी राहिली, ते इतिहासाबाहेर कसं ठेवता?

मिरीचा_व्यापारी:
१६५३ ची शपथ इतिहासच आहे, ती प्रत्येक पाठ्यपुस्तकात यायला हवी. आक्षेप फक्त ५२ या आकड्यावर, आणि तो मी मागे घेत नाही.