मदत हवी आहे: गुडघे दुखणाऱ्या आईबरोबर फ्रेंच रिव्हिएरा, गाडी न घेता कोणती गावं करावीत?

नमस्कार मंडळी,

बडोद्याहून लिहितेय. आईला घेऊन आठवडाभर दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर जायचं ठरलंय. गणपती गेल्यावर निघायचं आणि नवरात्राच्या आत परत यायचं. घरी घट बसतात, त्यामुळे तारखा हलणार नाहीत. व्हिसाच्या अर्जाला राहण्याचं बुकिंग जोडायचंय, म्हणून मुक्कामाचं गाव लवकर पक्कं करायला हवं.

आई इथल्याच फाइन आर्ट्सची, पुढे शाळेत चित्रकला शिकवायची. कान चित्रपट महोत्सवाचा लाल गालिचा, साँ-त्रोपेच्या यॉटी यांत तिला काडीचा रस नाही. तिला बघायचंय ते व्हांस गावातलं फ्रेंच चित्रकार मातीसचं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर. इथल्या कीर्ती मंदिरातली, म्हणजे राजघराण्याच्या स्मारकातली नंदलाल बसूंची भित्तिचित्रं दाखवायला ती आम्हाला लहानपणी न्यायची, तेव्हापासून या चॅपलबद्दल ऐकत आलेय. म्हाताऱ्या, आजारी मातीसने लांब बांबूच्या टोकाला कोळसा बांधून त्याची चित्रं रेखाटली. पांढऱ्या टाइल्सवर नुसत्या काळ्या रेषा, आणि रंग काय तो खिडक्यांच्या काचांमधून येणारा : पिवळा, हिरवा, निळा. पाद्र्यांचे झगेसुद्धा त्यानेच आखून दिले. 1951 साली काम पुरं झालं. आईच्या हातात अजून ताकद आहे तोवर तिने तिथे बसून स्केच करावं, एवढीच माझी इच्छा आहे.

अडचणी दोन. आईला चढ-पायऱ्या फार जमत नाहीत, आणि आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. गाडी भाड्याने घेणार नाही. डोंगरातल्या त्या वळणांवर उजव्या बाजूने चालवायची माझी तयारी नाही.

मी काढलेली यादी अशी. मुक्काम नीसला, कारण किनाऱ्याची रेल्वे तिथून दोन्हीकडे जाते : पूर्वेला विलफ्रान्श, मोनॅको आणि इटलीच्या सीमेवरचं मांतों, पश्चिमेला आंतीब. आंतीबला समुद्राकाठच्या ग्रिमाल्दी किल्ल्यात पिकासोने 1946 साली काम केलं, आता तिथे त्याचं संग्रहालय आहे. सां-पॉल-द-व्हांसला चित्रकार शागालची समाधी. डोंगरमाथ्यावरचं एझ फोटोत इतकं सुंदर दिसतं की सोडवत नाही. मोनॅकोला मला स्वतःला जायचंय. आपल्या महाराणी सीतादेवी बडोदं सोडून मोनॅकोतल्याच मॉन्टे कार्लोला राहायला गेल्या होत्या, ते गाव एकदा डोळ्यांनी बघावंसं वाटतं.

एवढं सगळं आठवड्यात बसेल का? एझ आईला झेपेल का? आणि जेवणाचं काय करायचं? कुणी आईवडिलांना घेऊन गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

ताई, मी नीसला शिकायला होते, तेव्हा माझे आईबाबा येऊन राहिले होते. मुक्काम नीसलाच ठेवा, पण स्टेशनजवळ किंवा ट्रॅमच्या मार्गावर.

एझ मी गाळेन. रेल्वेचं स्टेशन खाली समुद्राकाठी, गाव चारशे मीटरहून जास्त उंचीवर. मधली पायवाट तर विसराच. बसने वर गेलात तरी गावात नुसत्या दगडी पायऱ्या आणि चढाच्या गल्ल्या, बाग अगदी माथ्यावर. त्याऐवजी विलफ्रान्श करा. नीसहून ट्रेनने पाच-सात मिनिटं, आणि बंदरावर कोळ्यांचं छोटं चॅपल आहे, ते फ्रेंच कवी-चित्रकार कॉक्तोने आतून रंगवलंय. आईंना नक्की आवडेल.

व्हांस आणि सां-पॉल एकमेकांना लागून आहेत, बसने एका दिवसात होतात. आधी सकाळी व्हांस. ऊन काचांतून आत आलं की पांढऱ्या भिंतींवर आणि फरशीवर रंग सांडतात, ते बघायला हवं. चॅपल रोज उघडं नसतं, दिवस-वेळ बघूनच बस पकडा. सां-पॉलच्या मुख्य गल्लीत गोटे फुलांच्या आकारात बसवलेत. दिसतात सुरेख, पण गुडघ्यांना त्रास, तेव्हा बूट जाड तळाचे घाला. शागालची साधी समाधी गावाच्या टोकाच्या दफनभूमीत आहे, लोक तिच्यावर लहान लहान खडे ठेवून जातात.

नीसमधली मातीस आणि शागाल ही दोन्ही संग्रहालयं मंगळवारी बंद. त्या दिवशी मोनॅको उरका, अर्धा दिवस पुरतो. मांतोंला मात्र पूर्ण दिवस द्या. समुद्राकाठचा रस्ता सपाट आहे, बाकं आहेत, आईंना निवांत स्केच करता येईल.

जेवणात 'सोका' मागा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. आपलं बेसनाचं धिरडंच, फक्त मोठ्या तव्यावर भट्टीत भाजलेलं. रातातुई मूळची नीसचीच, सगळी भाजी. पण पिसालादिएर नावाची कांद्याची पोळी शाकाहारी दिसते, तिच्यात अँचोव्ही मासा असतो. नीसच्या सॅलडमध्येही मासा आणि अंडं. विचारल्याशिवाय घेऊ नका.

धागाकर्ती

मनापासून आभार! आईला सगळं वाचून दाखवलं. एझ कटाप, विलफ्रान्श नक्की. ती आता म्हणतेय की चॅपलमध्ये घाई नको, व्हांसलाच एक रात्र राहू या. बॅगा घेऊन त्या बसने जाणं जमतं का? आणि बस थांब्यापासून चॅपलपर्यंत चढ किती आहे?