मासे-दूध सुटलं तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

जानेवारीत नवऱ्याची साखर काठावर आली आणि आम्ही दोघांनी मासे, अंडी, दूध बंद केलं. सगळ्यात जड जाते ती रात्री साडेनऊची वेळ. लोकलमधून उभ्याने आल्यावर कडधान्य भिजत घालायचं राहिलं की सकाळी डबा नाही, मग स्टेशनबाहेर वडापाव. त्यात मांस-दूध काही नसतं, पण पावाने साखर चढायची ती चढतेच. आता चप्पल काढली की आधी मटकी पाण्यात, मग बाकी सगळं. तुम्ही कसं जमवलंत? चुकलं तेही लिहा.

*

मी भांडुपची, माहेर मालवणचं. रविवारी बांगड्याचं तिखलं नाही म्हटल्यावर पहिले दोन महिने घरात कुणी धड जेवलं नाही. शेवटी लक्षात आलं, आम्हाला आठवतो तो वास तिरफळांचा. आता तेच वाटप करते: ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, हळद. सुरणाच्या फोडी आधी आमसुलाच्या पाण्यात ठेवते, नाहीतर घशाला खाज सुटते. फोडी शिजत आल्या की तिरफळं ठेचून वरून घालायची आणि झाकण ठेवायचं. झाकण काढताना मोठा मुलगा बाहेरच्या खोलीतून उठून आला, त्या दिवशी मी जिंकले. सोलकढी तर मुळातच नारळाची, ती तशीच राहिली.

*

ताई, चुकलेलं लिहा म्हणालात म्हणून लिहितो. दीड वर्ष सगळं बंद होतं, गोळी कसलीच घेतली नाही. मोड आलेल्या कडधान्यात बी-12 असतं असं कुणीतरी सांगितलेलं, मी विश्वास ठेवला. नसतं! तळपायांना मुंग्या यायला लागल्या. दादरला पुलाचा जिना उतरताना पायरी पायाला कळेना, कठडा धरून उतरायचो. पहिल्या डॉक्टरांनी कमरेचं दुखणं म्हणून महिना घालवला. दुसऱ्यांनी रक्त तपासलं, मग इंजेक्शनं. मुंग्या जायला पाच महिने लागले. दूधही सोडणार असाल तर बी-12 ची गोळी पहिल्या दिवसापासून घ्या, डॉक्टरांना विचारून. हात जोडून सांगतो.

*

माझं हिमोग्लोबिन घसरलं होतं. जेवणावर लगेच चहा घ्यायची सवय, त्याने भाजी-डाळीतलं लोह अंगी लागत नाही. चहा तासभर पुढे ढकलला, उसळीवर लिंबू पिळते. एवढंच केलं.

*

कॅल्शियमची काळजी असेल तर नाचणी. 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम. रात्रपाळीवरून आलो की भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि सात वाजता झोप.

*

जूनमध्ये बाजारात शेवळं ही रानभाजी आली की न चुकता घ्या, सोबत काकडं, म्हणजे ती छोटी आंबट हिरवी फळं, मागून घ्या, त्यांच्याशिवाय शेवळं खाजतात. टाकळा, कंटोळी, फोडशी मागोमाग येतातच. पावसाळ्यात मला मटणाची आठवणही होत नाही.

*

आमच्याकडे अडलं ते बाबांच्या चहावर. वय 78, गिरगावातल्या चाळीत जन्म गेला, दुधाचा चहा नाही तर दिवस उगवत नाही. सोयाचं दूध चहात फाटलं, त्यांनी कप सरकवून ठेवला. मी वाद घातला नाही. आलं, गवती चहा, जरासा गूळ, कोरा. पंधरा दिवस अर्धा कप उरायचा. आता खिडकीच्या ग्रिलमध्ये गवती चहाची कुंडी आहे आणि सकाळी पाती कापायचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलंय.