मदत हवी आहे: घरचा पीसी सारखा बंद पडतोय, जरा लवकर सांगा

पत्रिकावाला_तासगाव
नमस्कार मंडळी. घरचा डेस्कटॉप चालू असताना एकदम बंद पडतो आणि आपोआप परत चालू होतो. एरर नाही, निळी स्क्रीन नाही, काम करता करता स्क्रीन काळी आणि थेट सुरुवातीचा लोगो. दुकानात दाखवला, त्याने फॉरमॅट मारला, पैसे घेतले, घरी आणला की परत तेच. लगीनसराई तोंडावर आलीय, गिऱ्हाईक दारात बसून पत्रिकेचं प्रूफ मागतंय, कुणीतरी पटकन उपाय सांगा. फॉरमॅट सोडून.

शून्य_एक
प्रोसेसर कुठला, रॅम किती, विंडोज कुठलं, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) किती वॅटचा, मशीन किती जुनं? कधी बंद पडतं, जड काम करताना की नुसतं बसलेलं असताना पण? एवढ्याशा माहितीवर पत्रिका बघणारासुद्धा काही सांगणार नाही.

खटपट्या
रॅम आहे. डोळे झाकून सांगतो. कॅबिनेट उघडा, रॅम काढा, पोराचा पांढरा खोडरबर घ्या आणि सोनेरी पट्टी दोन्ही बाजूंनी घासून परत बसवा, दोन्हीकडच्या क्लिपा टक् करून लागल्या पाहिजेत. आमच्या हापिसातले निम्मे पीसी मी असेच उठवलेत.

पेंग्विनमामा
विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, आता त्यावर वेळ घालवू नका. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घ्या, इन्स्टॉल न करता चालवून बघा, आवडलं तर टाका. फुकट आहे आणि जुन्या मशीनवर पळतं.

पत्रिकावाला_तासगाव
आय३ आहे तिसऱ्या पिढीचा, एच६१ बोर्ड, ८ जीबी रॅम, एसएसडी २४० ची, विंडोज १०. एसएमपीएसवर ४५० लिहिलंय. रॅम पुसून झाली हो, दुकानदारानेपण पुसली. लिनक्सवर कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी फॉन्टचं) चालतं का तेवढं सांगा, मग बोलू. जड काम वगैरे काही नाही, कधीपण बंद पडतो, मी चहा प्यायला उठलो तरी बंद पडतो.

पेंग्विनमामा
कोरलचं एवढं काय कौतुक, इंकस्केप आहे की. वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) जुनं कोरल चालवणारे लोकपण आहेत.

अक्षरमाला
मामा, डीटीपीवाल्या माणसाला इंकस्केप सुचवणं सोपं आहे, त्याच्या दहा वर्षांच्या कोरल फायली कोण उघडून देणार? श्रीलिपीचे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, त्यातला मजकूर दुसरीकडे नेला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. कन्व्हर्टरने बराचसा येतो पण जोडाक्षरं आणि रफार तपासत बसावं लागतं. नवरीच्या नावातला रफार उडाला तर तुम्ही जाणार का भांडण सोडवायला? शिवाय डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची यूएसबी चावी) असेल तर ते लिनक्सवर ओळखलं जाईल का ते वेगळंच.

पेंग्विनमामा
म्हणूनच म्हणतो युनिकोडवर या एकदाचे. २००१ च्या पेजमेकरमध्ये अजून अहवाल लावणारे लोक बघितलेत मी.

अक्षरमाला
मी लावते. आणि वेळेवर देते.

शून्य_एक
धाग्याचा काश्मीर व्हायच्या आधी: धागाकर्ते, स्टार्टवर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम. लाल खुणेच्या नोंदींत 'कर्नल पॉवर', आयडी ४१ असं दिसेल, त्यावर क्लिक करून डिटेल्स टॅबमध्ये 'बगचेक कोड' समोर काय आकडा आहे ते इथे लिहा. आणि सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरी, त्यातली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची टिक काढून टाका, म्हणजे निळी स्क्रीन येत असेल तर ती थांबेल आणि वाचता येईल.

रिफर्बराव
एवढ्या खटाटोपापेक्षा आठव्या पिढीचा रिफर्बिश्ड घेऊन टाका. तुमच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालणार नाही, त्याला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. कंपन्यांचे लीजवरून परत आलेले छोटे डबे मिळतात, वीजपण कमी खातात.

पत्रिकावाला_तासगाव
नवीन घ्यायचं असतं तर इथे कशाला विचारलं असतं. टिक काढली, तरीपण थांबला नाही, बंद पडून परत चालूच झाला. ४१ ची तर रांग लागलीय. बगचेक कोड सगळीकडे ०.

शून्य_एक
हे महत्त्वाचं आहे. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाऊन झालं नव्हतं, ते कारण नाही, परिणाम आहे. पण ड्रायव्हर किंवा विंडोजची भानगड असती तर बहुतेक वेळा तिथे आकडा आला असता आणि विंडोज फोल्डरमध्ये मिनीडम्पची फाइल पडली असती. ० म्हणजे विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, खालून जमीन काढून घेतली. वीज, एसएमपीएस, बोर्ड किंवा तापमान. तुमच्या दुकानदाराने फॉरमॅट मारून काय मिळवलं देव जाणे.

खटपट्या
रॅमनेपण असं होतं.

शून्य_एक
होतं, नाही म्हणत नाही. पण खराब रॅम सहसा दर वेळी वेगळ्या कोडची निळी स्क्रीन देते, फायली बिघडवते, प्रोग्राम मधेच मरतात. इथे त्यातलं काही नाही. तरी मनाच्या समाधानासाठी रात्री मेमटेस्ट८६ लावून झोपा, एकसुद्धा एरर आली तर ती रॅम बाद.

खटपट्या
मेमटेस्ट पास होऊन खराब निघालेल्या रॅम पण बघितल्यात. असो.

गार_पाणी
तापमान बघितलं का कुणी? सीपीयूवरची थर्मल पेस्ट एवढ्या वर्षांत वाळून खडू झालेली असते. हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये धुळीची गादी बसते. सीपीयू शंभरच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला बंद होतो.

पत्रिकावाला_तासगाव
ताप ५५-६० च्या पुढे जात नाही, सॉफ्टवेअर लावून बघितलं. पेस्ट नवी लावलीय. धूळ म्हणाल तर शेजारीच पिठाची गिरणी आहे, सगळ्या घरावर पीठ, पण मी ब्लोअर मारतो नेमाने. मेमटेस्टपण रात्रभर लावला, एक एरर नाही. आता अजून काय?

नाना_वायरमन
थांबा थांबा. गिरणी? भिंतीला भिंत? किती एचपीची मोटर आहे? आणि ती कधी चालू होते?
दुसरं, दुकानात ठेवला होता तेव्हा तिथे बंद पडला होता का?
तिसरं, पीसीला यूपीएस आहे का?
(मी कॉम्प्युटरवाला नाही, वायरिंगवाला आहे.)

पत्रिकावाला_तासगाव
दुकानात नाही पडला, म्हणून तर त्याने ओके म्हणून दिला. गिरणी चुलत्यांची आहे, मोटर १० एचपी असेल. सकाळी दळणं असतात आणि संध्याकाळी. पण लाईट जात नाही हो तेव्हा, पीसी बंद पडतो तेव्हा घरातले दिवे, टीव्ही सगळं चालू असतं. यूपीएस होता, त्याची बॅटरी गेली म्हणून माळ्यावर टाकला. आता घराला इन्व्हर्टर आहे, पीसी त्यावरच आहे. लाईट गेली तर कधी पीसी टिकतो कधी बसतो. हे सगळं लिहायचं असतं हे मला काय माहीत, कुणी विचारलं का?

शून्य_एक
मी 'कधी बंद पडतं' हे दुसऱ्याच प्रतिसादात विचारलं होतं, असो. नाना, बोला.

नाना_वायरमन
१० एचपीची मोटर थेट स्टार्टरवर सुरू केली की पहिले एक-दोन सेकंद नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. त्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आधीच लोड असेल, तुमच्या घरापर्यंतची तार लांब आणि जुनी असेल, तर तेवढ्यापुरतं व्होल्टेज २३० वरून दीडशेपर्यंत खाली येऊ शकतं. लाईट गेलेली नसते, दबलेली असते.

आता तुम्ही म्हणताय दिवे चालू असतात. पूर्वी पिवळा बल्ब असायचा, मोटर लागली की डुलायचा, घरातल्या पोराला पण कळायचं. चोकची ट्यूब फडफडायची. आताचे बरेच एलईडी दिवे शंभराच्या आसपासपासून नेहमीच्या व्होल्टेजपर्यंत सारखाच उजेड देतात, टीव्हीचा सप्लायपण तसाच. त्यामुळे दबलेली लाईट घरात कुणाला दिसतच नाही. साधा एसएमपीएस मात्र १८० च्या बराच खाली गेला की सोडून देऊ शकतो.

कुठूनतरी जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब आणा, पीसीच्याच बोर्डावर लावा, आणि काकांना गिरणी चालू करायला सांगा. मल्टिमीटर असेल तर अजून चांगलं. तेवढ्यात न्यूट्रल आणि अर्थिंगमध्येपण मोजा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंगचा खड्डा वाळलेला असू शकतो.

आणि इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं, यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड. ते कुठे आहे ते सांगा.

वॅटसन
सरळ स्टॅबिलायझर लावा, विषय संपला.

नाना_वायरमन
स्टॅबिलायझरमधला रिले व्होल्टेज पडल्यावर टॅप बदलतो, त्यात वेळ जातो आणि बदलताना क्षणभर सप्लाय तुटतो. फ्रिजला चालतं, पीसीला त्याचा भरवसा नाही. चांगला एसएमपीएस मेनशिवाय (बाहेरच्या विजेशिवाय) १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे ५० हर्ट्झची एक लाटसुद्धा पुरी होत नाही.

वॅटसन
माझ्याकडे लावलाय, अजून काही झालेलं नाही.

नाना_वायरमन
तुमच्या शेजारी गिरणी आहे का?

पेंग्विनमामा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. :)

पत्रिकावाला_तासगाव
नाना, बल्ब लावला. काकांनी स्टार्टर दाबला आणि बल्ब पार लाल तार दिसेपर्यंत मंद झाला, पीसी गेला. घरातला एकपण एलईडी हलला नाही. मल्टिमीटरवर १४०-१५० दिसलं, त्यापेक्षा खाली गेलं असेल तर आकडा पकडता आला नाही. न्यूट्रल-अर्थिंग दीड व्होल्ट. इन्व्हर्टरचं बटण नॉर्मलवर आहे, बसवणाऱ्या मिस्त्रीने तसंच ठेवलंय. यूपीएसवर घेऊ का?

नाना_वायरमन
घ्या. नॉर्मल मोडवर इन्व्हर्टर साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंत मेन जशीच्या तशी पुढे सोडतो, म्हणजे १४० आले तर पीसीला १४०. बॅटरीवर जायलापण ४० मिलिसेकंदांपर्यंत लावतो, म्हणून लाईट गेल्यावर तुमचा पीसी कधी टिकतो कधी नाही. यूपीएस मोडवर १८० च्या खाली लगेच बॅटरीवर उडी मारतो, ती पण १०-१५ मिलिसेकंदांत. मॉडेलप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतात.

मिस्त्रीने नॉर्मलवर ठेवलं त्यालापण कारण आहे. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज कायमच १७०-१८० असतं, यूपीएस मोडवर इन्व्हर्टर लाईट असूनही बॅटरी खात बसतो आणि खरी लाईट गेली की बॅटरी रिकामी.

शून्य_एक
एसएमपीएसवरचं लेबल पण वाचा. ४५० हे मोठ्या अक्षरातलं, त्याखाली तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत?

पत्रिकावाला_तासगाव
१२ व्होल्टसमोर १२ अँपिअर लिहिलंय. बटण यूपीएसवर घेतलं. गिरणी सुरू झाली की इन्व्हर्टर कट् करतो, पीसी चालू राहतो! काकांना मुद्दाम परत परत स्टार्टर दाबायला लावला, एकदापण नाही पडला. पण नाना म्हणाले तसंच झालंय, संध्याकाळी इन्व्हर्टर बॅटरीवरच जाऊन बसतो, घरचे ओरडायला लागलेत.

शून्य_एक
१२ गुणिले १२ म्हणजे १४४ वॅट. ४५० कागदावर. तुमच्या मशीनला ग्राफिक कार्ड नाही म्हणून निभावतंय. बदलणार असाल तर बरा घ्या, पण ॲक्टिव्ह पीएफसीवाला (वीज नीट ओढणारं सर्किट असलेला) घेतलात आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी लाटेची वीज देणारा) असेल तर काही जोड्या जमत नाहीत, आधी विचारून घ्या. आणि जुना उघडू नका, आत सव्वातीनशे व्होल्ट डीसीचे कपॅसिटर असतात, वायर काढल्यावरपण काही वेळ भरलेले राहतात.

नाना_वायरमन
इन्व्हर्टर परत नॉर्मलवर करा, घरच्यांना सुखाने राहू द्या. माळ्यावरचा यूपीएस काढा, ६०० व्हीएचा असेल तर आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, तेवढीच नवी आणा, जुनी दुकानात द्या, काही पैसे वजा करतात. यूपीएस लाइन इंटरॅक्टिव्ह असेल तर दीडशेच्या आसपासचं व्होल्टेज तो स्वतःच वर ओढून देतो, लगेच बॅटरी खात नाही. फक्त त्याला इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावू नका, थेट मेनच्या सॉकेटवर लावा. स्क्वेअर वेव्हवर लावला की काही यूपीएस सारखे बॅटरीवर जातात.
काकांना एवढंच सांगा की १० एचपीला स्टार-डेल्टा स्टार्टर लावून घ्या, सुरुवातीचा करंट तिसऱ्या हिश्शावर येतो.

पत्रिकावाला_तासगाव
काकांना सांगितलं तर म्हणतील तुझं मशीन नाजूक. त्यांना लाइनमनकडूनच सांगायला लावतो. यूपीएस काढला, लाइन इंटरॅक्टिव्हच आहे, बॅटरी उद्या तासगावातून आणतो. नाना लय आभार. बाकीच्यांचेपण.

खटपट्या
बॅटरी बदलताना कॅबिनेट उघडंच असेल तर रॅम एकदा पुसून घ्या, काही बिघडत नाही.

अक्षरमाला
अवांतर: कोरलमध्ये टूल्समधून ऑप्शन्समध्ये ऑटोबॅकअप पाच मिनिटांवर करून ठेवा, यूपीएस असला तरी.

गार_पाणी
अवांतरात अवांतर: माझ्या भाचीचं लग्न आहे फेब्रुवारीत, साधी एकपानी पत्रिका, दोनशे प्रती, काय पडेल? मिरजेपर्यंत येऊन घेऊन जाऊ.

पत्रिकावाला_तासगाव
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मजकूर टाइप करून पाठवा, वहीच्या पानाचा फोटो नको, आणि आहेर स्वीकारणार की नाही ते आधीच ठरवून कळवा.