जीआर८६ साठी टायर: रोज ऑफिस आणि कधीमधी ट्रॅक, एका सेटवर भागेल का?

एडिसनकर८६

नमस्कार मंडळी, टायरबद्दल सल्ला हवाय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सॉरी.

गेल्या वर्षी टोयोटा जीआर८६ घेतली, २०२२ ची, बेस मॉडेल, मॅन्युअल. एडिसनहून ऑफिसला जाऊन-येऊन ४० मैल रोज हीच चालवतो, डिसेंबर ते मार्च मात्र झाकून ठेवतो आणि घरच्या दुसऱ्या गाडीवर भागवतो. मे महिन्यात पहिल्यांदा ट्रॅकवर नेली, मिलव्हिलचं न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्क, थंडरबोल्ट ट्रॅक, २.२५ मैलांचा. नवशिक्यांचा ग्रुप, शेजारी इन्स्ट्रक्टर. गाडीला कंपनीतून आलेलेच टायर आहेत, मिशेलिन प्रायमसी एचपी, २१५/४५ आर१७. पहिली दोन सेशन मजेत गेली, तिसऱ्याला ऊन चढलं आणि प्रत्येक वळणावर टायर असे किंचाळायला लागले की मलाच ओशाळल्यासारखं झालं. पिटमध्ये उतरून बघतो तर पुढच्या दोन्ही टायरचा बाहेरचा खांदा खरखरीत झालेला, नखाने खरवडलं तर खोडरबराच्या निघतात तशा बारीक वळ्या हातात आल्या.

तर आता नवे टायर घ्यायचेत. वर्षाला चार-पाच ट्रॅक डे होतील, जास्त नाही. डोक्यात तीन विचार आहेत. एक, कॉन्टिनेंटल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट स्पोर्ट ०२ (रस्त्यावरचे स्पोर्टी समर टायर) घ्यायचे आणि सगळीकडे तेच वापरायचे. दोन, थेट ब्रिजस्टोन आरई-७१आरएस (ट्रॅकवाले वापरतात ते चिकट टायर) टाकायचे आणि ऑफिसलाही त्यावरच जायचं. तीन, रिमसकट दोन सेट ठेवायचे. कॉन्टिनेंटलवर ट्रेडवेअर (टायर किती टिकेल त्याचा आकडा) ३४० लिहिलंय आणि ब्रिजस्टोनवर २००, म्हणजे दुसरे साधारण ६० टक्केच टिकणार असं समजायचं का?

जुनी_मिआटा

अभिनंदन, किडा चावला तुला, आता औषध नाही.

आधी तुझा गणिताचा प्रश्न. ट्रेडवेअरचा आकडा असा वाचायचा नसतो. टेक्सासमध्ये ठरावीक ४०० मैलांचा रस्ता आहे, त्यावर टायर ७२०० मैल चालवतात, १०० नंबर दिलेल्या एका प्रमाण टायरशी तुलना करतात आणि मग कंपनी स्वतःच आपल्या टायरचा आकडा ठरवते. स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा म्हटल्यावर काय होणार ते तूच समज. त्यात ऑटोक्रॉसच्या (मोकळ्या मैदानात शंकू मांडून घड्याळाविरुद्ध गाडी पळवायची स्पर्धा) स्ट्रीट क्लासमध्ये किमान २०० चा नियम आहे, त्यामुळे ज्याला त्याला २०० चाच शिक्का मारायचा असतो. हँकूक आरएस४ वर २००, योकोहामा ए०५२ वरही २००, पण दोन्ही वापरलेल्या माणसाला विचार. ए०५२ पहिल्या दोन-तीन लॅपला गाडी डांबराला चिकटवून ठेवतो, मग तापला की मऊ पडतो आणि बघता बघता संपतो. आरएस४ ला गरम व्हायला वेळ लागतो, पण वीस मिनिटांचं सेशन संपेपर्यंत पहिल्यासारखाच राहतो. माझ्या २००१ च्या माझदा मिआटाला २०५/५० आर१५ आरएस४ आहेत, तिसरा सीझन चालू आहे.

आता मुद्द्याचं. दोन वर्षांपूर्वी न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन ट्रॅकहून घरी येत होतो, मी कनेक्टिकटला असतो म्हणजे चांगला पाच तासांचा रस्ता. दिवसभर ऊन होतं, गाडी अफाट पळाली, त्या निळ्या कठड्यांच्या मधून जाताना स्वर्ग वाटत होता. टायर निम्म्याहून जास्त झिजलेले, पण कोरड्यात झिजलेला टायर उलट छान वाटतो, रबराचे ठोकळे बुटके झाले की वळणात कमी हलतात. संध्याकाळी पाऊस आला. ५५ च्या स्पीडला एका तळ्यासारख्या साठलेल्या पाण्यावर गेलो आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं, जणू पुढची चाकं कोणी काढून घेतली. सेकंद-दीड सेकंदच असेल. पुढचे तीन तास ४० च्या वर गेलो नाही, मागून ट्रकवाले शिव्या घालत होते ते वेगळंच.

म्हणून मी सगळ्यांना हेच सांगतो की रोजच्या गाडीला एकच सेट घ्यायचा असेल तर ट्रॅक बघून घेऊ नकोस, ट्रॅकवरून घरी यायचा रस्ता बघून घे. २०० वाल्यांना मुळात खाचा कमी, त्यात ट्रॅकवर झिजले की कायद्याची १.६ मिमीची हद्द यायच्या खूप आधीच ते पावसात निरुपयोगी होतात. तुझ्यासाठी कॉन्टिनेंटल. दोन सेट पुढच्या वर्षी.

कोथरूडचा_पोलो

तुम्ही लोक चॉईस खूप आहे म्हणून रडताय राव 😀

इथे पुण्यात माझ्याकडे पोलो जीटी टीएसआय आहे, स्पोर्ट्स कार म्हणायची नाही कोणी पण माझ्यासाठी आहे. २०२० च्या जूनमध्ये सरकारने बाहेरच्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, लायसन्सशिवाय आणता येत नाहीत, तेव्हापासून जरा वेगळा टायर हवा असेल तर आठ दुकानं फिरा, मिळाला तर साईझ नाही, साईझ मिळाली तर दोन वर्षं दुकानात पडलेला माल. हे तिकडेही बघा बरं का, साईडवॉलवर चार आकडे असतात, २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. डिस्काउंट जास्त असेल तर आधी वाकून तेवढं वाचायचं आणि मग पाकीट काढायचं.

मित्रांबरोबर कोइम्बतूरला करी स्पीडवेला गेलो होतो, २.१ किमीचा छोटा ट्रॅक. माझे टायर साधेच, पोलो पुढच्या चाकांवर चालणारी, वळायचंही त्यांनीच आणि ओढायचंही त्यांनीच. दुपारपर्यंत पुढचे दोन्ही बाहेरून गोटा, मागचे शोरूममधून आल्यासारखे. घर ११०० किमीच्या वर लांब. तिथेच पार्किंगमध्ये जॅक लावून पुढचे मागे केले आणि जीव मुठीत धरून आलो. त्यामुळे मिआटावाल्या दादांना परतीच्या रस्त्याबद्दल +१००.

अजून एक, खड्ड्यांचं तिकडे माहीत नाही पण इथे लो प्रोफाईल टायरला महिन्याभरात फुगा येतो. तू १७ इंचीच ठेव, १८ च्या नादाला लागू नको.

थोडं_स्पष्ट

मी उलटं बोलणार आहे, राग मानू नये.

कशाला हवेत नवे टायर? प्रायमसी वापरून संपव की आधी. हेच टायर प्रियससारख्या साध्या हायब्रिड गाडीलाही येत होते म्हणून लोक चेष्टा करतात, पण ते किंचाळतात तेच तुझ्या कामाचं आहे. ग्रिप सुटायच्या आधी टायर तुला ओरडून सांगतोय आणि तू त्यालाच काढून टाकणार. चिकट टायर गप्प असतात, सगळ्या चुका पोटात घालतात, आणि सुटतात तेव्हा स्पीड इतका असतो की नवशिक्याला सावरायला वेळच मिळत नाही. मी इन्स्ट्रक्टर म्हणून शेजारी बसतो तेव्हा आरई-७१ वर आलेला नवा माणूस बघितला की मी बेल्ट जरा जास्तच आवळतो.

दुसरं म्हणजे खांदे झिजले ते रबर मऊ आहे म्हणून नाही. तुझ्या गाडीला पुढे कंपनीतून कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, जवळजवळ शून्य असतो, वळणात गाडी कलली की सगळं वजन बाहेरच्या कडेवर. कितीही महाग टायर टाक, त्याचेही खांदेच खाशील. आधी कॅम्बर बोल्ट टाकून अलाइनमेंट करून घे, पुढे उणे दीड अंशाच्या आसपास (चाक वरून आत कललेलं) मिळाला तरी फरक दिसेल. आणि ग्रिप वाढली की ब्रेक जास्त तापतात, तेव्हा टायरच्या आधी ब्रेक फ्लुइड आणि पॅड. हे कोणी विचारत नाही कारण फोटोत दिसत नाही.

एडिसनकर८६

सगळ्यांचे आभार. थोडं_स्पष्ट, राग कसला, कॅम्बरचं मला कोणी बोललंच नव्हतं. प्रायमसी ठेवले असते, पण ४ मिमीच्या खाली आलेत आणि इथे जुलैत पाऊस कसा पडतो माहितीये.

दोन सेटचं म्हणाल तर मागची सीट पाडली की चार चाकं आत बसतात, टोयोटाने गाडी तशीच बनवलीये म्हणे, पण मग दिवसभर रबराच्या वासात बसायचं. हिवाळ्यात समर टायर गाडीलाच राहू दिले तर चालेल का? गॅरेजला हीटिंग नाहीये.

जुनी_मिआटा

नको. उणे ७ सेल्सिअस म्हणजे तुमच्याकडचे २० फॅरनहाइट, त्याच्या खाली समर टायरचं रबर कडक होतं आणि त्यावर वजन हललं तर तडे जाऊ शकतात. नुसती ड्राईव्हवेत पुढे-मागे केली तरी. जानेवारीत एडिसनला तेवढी थंडी आरामात पडते. चाकं काढून बेसमेंटमध्ये ठेव, किंवा गाडी अजिबात हलवू नको आणि गॅरेज बऱ्यापैकी ऊबदार राहील असं बघ.

आणि प्रेशर गेज स्वतःचं घे, पेट्रोल पंपावरच्यावर भरवसा नको.

एडिसनकर८६

अपडेट द्यायला उशीर झाला. कॉन्टिनेंटलच घेतले, त्याच साईझचे, कॅम्बर बोल्ट टाकले, पुढे उणे १.४ आला. ब्रेक फ्लुइडपण बदललं. ऑगस्टमध्ये त्याच पार्कातला दुसरा ट्रॅक केला, लाइटनिंग.

सकाळी गार असताना ३० पीएसआय होती. पहिल्या सेशननंतर उतरल्या उतरल्या मोजली तर ३८! गाडी शेवटच्या लॅपला तेल सांडल्यासारखी का सरकत होती ते तेव्हा कळलं. हवा सोडून गरम असताना ३४ वर आणली आणि पुढचं सेशन एकदम सरळ गेलं. मग घरी आल्यावर विसरलो, दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा, मोजली तर चारही चाकांत २७ च्या खाली. गार झाल्यावर परत भरायची असते हे इथे कोणीच लिहिलं नव्हतं 😅

आवाज अजूनही करतात, पण किंचाळत नाहीत, कुरकुरतात. येताना रूट ५५ वर धो धो पाऊस लागला, ६० ला शांतपणे आलो.

एक गंमत. इन्स्ट्रक्टरने सांगितलं होतं की टायरच्या कडेला खडूने आडवी रेघ मार, किती पुसली जाते बघ, म्हणजे टायर साईडवॉलवर किती लवंडतो ते कळतं. मुलीच्या अंगणात चित्रं काढायच्या जाड खडूंमधला जांभळा घेऊन गेलो होतो. पुढच्या डाव्या टायरला रेघ कडेवरच्या छोट्या त्रिकोणापर्यंत पुसली गेली, बाकी तीन चाकांना अजून तशीच आहे. त्रिकोणापर्यंत म्हणजे बरोबर ना, की अजून हवा वाढवायची?

थोडं_स्पष्ट

बरोबर. त्रिकोणाच्या खाली गेली असती तर वाढव म्हटलं असतं. डाव्याला जास्त जाणारच, उजवी वळणं असली की सगळं वजन तिकडेच पडतं. आता पुढचं डावं मागे घे, पुढे-मागे साईझ एकच आहे तुझी. आणि कनेक्टिकटच्या लाइम रॉक ट्रॅकला जाणार असशील तर जायच्या आधीच बदल, तिथे एक डावं वळण सोडलं तर सगळी उजवीच आहेत.