मदत हवी आहे: कॅन्सरच्या उपचारांनंतर आईला हॉट टबमध्ये बसू द्यावं का?

रानजाई

आम्ही मिनेसोटात राहतो. आई (वय ६४) काही वर्षांपासून आमच्याकडेच असते. तिला उजव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, काखेतल्या लसिकेच्या गाठीही काढल्या, मग केमो, मग रेडिएशन. रेडिएशन ऑगस्टमध्ये संपलं. आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून रोज लेट्रोझोलची (इस्ट्रोजेन कमी करणारी) गोळी चालू आहे. केमोसाठी बसवलेला पोर्ट (शिरेत औषध सोडायची कातडीखालची छोटी डबी) अजून छातीत आहे, तो काढायची तारीख मिळालेली नाही.

गोळी सुरू झाल्यापासून तिचे सांधे फार आखडतात. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरते. त्यात इथली थंडी. टॅक्सॉल या केमोच्या औषधानंतर पायाची बोटं बधिर झाली ती अजून पूर्ण ताळ्यावर आलेली नाहीत.

घरामागच्या डेकवर (लाकडी ओट्यावर) आमचा हॉट टब, म्हणजे गरम, बुडबुड्यांच्या पाण्याचा मोठा टब आहे. आजारपणाआधी आई संध्याकाळी त्यात बसायची, गुडघ्यांना फार बरं वाटायचं. आता रोज विचारते, "अगं, दहा मिनिटं बसले तर काय होईल?" डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "इन्फेक्शनची भीती असते, टाळलेलं बरं." तेवढ्यात अपॉइंटमेंट संपली. टाळायचं म्हणजे किती दिवस? कायमचंच? नेमकी कशाची भीती? आईने वर्षभर इतकं सोसलं आहे की तिच्या आवडीच्या एकेक गोष्टीला नुसतं "नको" म्हणताना मला फार जड जातं. कुणाला अनुभव असेल, वैद्यकीय माहिती असेल तर कृपया सविस्तर लिहा. पुढच्या वेळी डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता यावेत एवढंच हवं आहे.

केतकीबन

आईंना लवकर आराम पडो. माझ्या मावशीला केमो चालू असताना स्विमिंग पूल, टब, सगळं बंद करायला सांगितलं होतं. संपल्यावर काय, ते मात्र कुणी सांगितलं नाही. वाचते आहे.

शुभदा_सिस्टर

रानजाई, मी बरीच वर्षं कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच. पण त्या "टाळलेलं बरं"च्या मागे काय काय असतं ते सांगते.

पहिली गोष्ट पांढऱ्या पेशी. केमोचा डोस दिल्यावर साधारण ७ ते १४ दिवसांत न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सगळ्यात खाली जातात. रिपोर्टवर त्यांचा एएनसी हा आकडा असतो. तो ५०० च्या खाली गेला की साधा जंतूही जिवावर उठू शकतो. त्या काळात हॉट टबचा विषयच नको. आईंची केमो संपून काही महिने झालेत, म्हणजे पेशी बहुधा सावरल्या असतील. पण "बहुधा" पुरेसं नाही, अलीकडचा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) बघून घ्या.

दुसरी गोष्ट टबमधले जंतू. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडून जातं आणि नेमकं तेच तापमान जंतूंना मानवतं. स्युडोमोनास नावाच्या जंतूमुळे अंगावर लालसर पुरळ उठतं, निरोगी माणसाचं ते आपोआप जातं. जास्त भीती लेजिओनेला या न्यूमोनिया करणाऱ्या जंतूची. तो पाणी प्यायल्याने होत नाही, बुडबुड्यांमधून उडणारे बारीक तुषार श्वासात गेले की फुप्फुसात शिरतो. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोवेनकार्स्पेल गावी फुलांच्या प्रदर्शनात एक टब नुसता दाखवायला चालू ठेवला होता. त्यातून पसरलेल्या साथीत किमान ३२ माणसं गेली. त्यातली बरीचशी टबात बसलीही नव्हती, जवळून चालत गेली होती. म्हणून "आत नको, काठावर बसून पाय सोडते" हा मधला मार्ग वाटतो तितका सुरक्षित नाही. पन्नाशीपुढचं वय आणि कमी झालेली प्रतिकारशक्ती, दोन्हींमुळे हा धोका वाढतो.

तिसरी गोष्ट आईंच्या अंगावर काय आहे ती. पोर्ट कातडीखाली असतो. जखम पूर्ण भरली असेल आणि त्यात सुई टोचलेली नसेल तर पाण्याने काही होत नाही. सुई लावलेली असेल, किंवा दंडातून बाहेर आलेली पिक लाइन (औषधासाठी शिरेत घातलेली बारीक नळी) असेल, तर ती पाण्यात बुडवायची नाही, वर प्लास्टिक गुंडाळूनसुद्धा नाही. रेडिएशनची जागा नीट बघा. लाली, सालं निघणं, ओलसरपणा यातलं काहीही असेल तर गरम पाणी आणि क्लोरीन दोन्ही वर्ज्य.

आणि पायाची बोटं बधिर आहेत हे तुम्ही ओघात लिहिलंत, मला ते महत्त्वाचं वाटलं. पाणी किती गरम आहे हे त्या पायांना कळणार नाही. थर्मामीटर लावून दुसऱ्या कुणीतरी बघायचं.

निवडुंग

मी माझा अनुभव सांगते. माझ्याही काखेतल्या गाठी काढल्या होत्या. ऑपरेशननंतर दोन वर्षं हात अगदी ठीक होता. मग एका सहलीत हॉटेलच्या जकुझीत बराच वेळ बसले आणि दुसऱ्या दिवशी बांगडी चढेना. सूज त्यानेच आली असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण माझ्या फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या की उष्णतेने त्या हाताकडे रक्त जास्त येतं आणि लसिकेचा द्रव (पेशींभोवती साचणारं पाणी) वाहून न्यायला वाटाच कमी उरलेल्या असतात. त्यांचा सल्ला: उष्णतेत पंधरा मिनिटांच्या वर नाही, पाणी कोमट, आणि तो हात पाण्याबाहेर. हात जड वाटला, अंगठी घट्ट झाली की लगेच दाखवायचं. आता मी हाताला दाब देणारी स्लीव्ह वापरते आणि सूज आटोक्यात आहे. आईंचा उजवा हात जपा गं.

दख्खनी

मी टेक्सासमध्ये पूल आणि टबच्या देखभालीचं काम करतो, म्हणून पाण्याबद्दल लिहितो. रानजाई, टबचं पाणी कोण तपासतं आणि कधी?

घरच्या टबात बहुतेक जण आठवड्यातून एकदा पट्टी बुडवून बघतात. आजारी माणसासाठी ते चालणार नाही. आत उतरायच्या आधी, त्याच दिवशी तपासायचं. क्लोरीन किमान ३ पीपीएम (दहा लाख भागांत तीन भाग), ब्रोमीन वापरत असाल तर ४ ते ८, पीएच ७.० ते ७.८. शनिवारी रात्री मुलं आणि त्यांचे मित्र डुंबून गेले की घाम, लोशन यांच्यामागे क्लोरीन संपतं आणि रविवारी सकाळी पाणी काचेसारखं स्वच्छ दिसूनही आकडा शून्य असतो. दिसण्यावर जाऊ नका.

पाइपच्या आत बुळबुळीत थर साचतो, क्लोरीन तिथपर्यंत नीट पोचत नाही. पाणी बदलण्याआधी पाइप साफ करायचं औषध घालून जेट चालवावे लागतात, मग सगळं उपसायचं. फिल्टरही तेव्हाच. तापमान १०४ फॅरनहाइट ही धडधाकट माणसाची कमाल मर्यादा आहे, आजारी माणसासाठी तेवढं नको.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दख्खनी, पाणी नवरा तपासतो, आठवड्यातून एकदाच. आणि हो, शनिवार-रविवारी मुलांची टोळी असते. शुभदाताई, काठावर बसून पाय सोडायचं तर मी आईला जवळजवळ हो म्हणणार होते. बरं झालं तुम्ही लिहिलंत.

खाडीकिनारी

धाग्यात मध्येच घुसतो, पण विषय जवळचा आहे. ठाण्यात राहतो. बाबांना लिम्फोमा (लसिकेच्या गाठींचा कॅन्सर) आहे, केमो चालू आहे, दंडात पिक लाइन आहे. आत्याचा आग्रह आहे की गणेशपुरी-अकलोलीला नेऊन तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात एकदा स्नान घालावं, गंधकाचं पाणी आहे, अंगातलं सगळं दुखणं ओढून घेतं. तिची श्रद्धा आहे, तिला दुखवायचं नाही. बाबांचंही मन आहे. नैसर्गिक पाणी असल्यामुळे वरचे धोके तिथे लागू होत नाहीत ना?

शुभदा_सिस्टर

खाडीकिनारी, लागू होतात, आणि जास्तच होतात. कृपया बाबांना कुंडात उतरवू नका. टबात निदान क्लोरीन तरी मोजून घालता येतं. कुंडात दिवसभर माणसं उतरतात, कुणाला त्वचेचा विकार, कुणाला जखम. गंधकाने हे जंतू मरतील असं समजू नका. कोमट गोड्या पाण्यात नाकातून मेंदूपर्यंत जाणारा अमीबाही असू शकतो. हा आजार फार विरळा, पण झाला तर बहुतेक वेळा जीव घेतो. आणि पिक लाइन थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत उघडते. तिच्या तोंडाशी मळकं पाणी लागलं तर जंतूला रक्तात जायला सरळ रस्ता मिळतो.

अजून एक: दुखण्यासाठी बाबांच्या अंगावर फेंटानिलचा पॅच आहे का? असेल तर गरम पाणी, शेक, हीटिंग पॅड, सगळंच धोक्याचं. उष्णतेने औषध एकदम जास्त अंगात उतरतं आणि श्वास मंदावतो.

दर्शनाला जरूर न्या. डॉक्टरांना विचारून, पेशी बऱ्या असतील तेव्हा, गर्दी नसलेल्या वेळी, मास्क लावून. नित्यानंद महाराजांच्या समाधीपुढे बाबा शांत बसले तर आत्यालाही समाधान मिळेल. आणि केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट ताप दिसला तर क्रोसिन देऊन वाट बघू नका, मध्यरात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

खाडीकिनारी

पॅच नाही, पण पिक लाइनबद्दल हे इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. तुमचा प्रतिसाद आत्याला आज वाचून दाखवतो.

वेताळटेकडी

रानजाई, पाण्याचं सगळं आलं, पण डेकचं कुणी लिहिलं नाही. मिनेसोटाच्या हिवाळ्यात डेकवर बर्फ गोठलेला असणार. लेट्रोझोलने हाडं विरळ होतात. बधिर बोटं, ओले पाय, गरम पाण्यातून उठल्यावर खाली आलेलं बीपी आणि समोर गोठलेली फळी. माझ्या आईचं खुब्याचं हाड याहून साध्या घसरण्याने मोडलं. मला तर जंतूंपेक्षा हीच भीती जास्त वाटते.

सांध्यांसाठीच बसायचं असेल तर घरातला साधा बाथटब का नको? दर वेळी ताजं पाणी, बुडबुडे नाहीत, झालं की सोडून द्यायचं. आणि रोजचं चालणं व हलका व्यायाम यांनी या गोळ्यांमुळे होणारी सांधेदुखी कमी होते हे अभ्यासांतही दिसलं आहे. फारच त्रास असेल तर डॉक्टर त्याच गटातली दुसरी गोळी देऊन बघतात. ते नक्की विचारा.

रानजाई

डेकचं खरंच सुचलं नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी किती आपुलकीने लिहिलं आहे.

क्लिनिकच्या पोर्टलवर आज हे प्रश्न पाठवले: शेवटच्या सीबीसीत एएनसी किती होता, पोर्ट कधी निघेल आणि त्यानंतर जखम किती दिवस कोरडी ठेवायची, उजव्या हातासाठी फिजिओथेरपिस्ट मिळेल का, हाडांची तपासणी कधी, आणि लेट्रोझोल बदलता येईल का. हॉट टबचा प्रश्न शेवटी ठेवला आहे, वसंतात बर्फ गेल्यावर, जेट बंद ठेवून, ९८-१०० फॅरनहाइटला दहा मिनिटं बसलं तर चालेल का, असा. तोपर्यंत आईला खालच्या बाथरूममधला बाथटब पटवला आहे. "कढत नसेल तर काय मजा," म्हणाली, पण तयार झाली. तिथून उठताना तिला धरायला काय लावू? चिकटवायचे हँडल मिळतात ते पुरतील का?

शुभदा_सिस्टर

चिकटवायचे नकोत, ओलाव्याने सुटतात. भिंतीच्या आतल्या लाकडात स्क्रूने बसवलेला दांडा घ्या, तळाला रबरी मॅट, आणि आधी पाणी सोडून टब रिकामा होऊ दे. मग दोन मिनिटं टबातच बसून राहायचं, टॉवेल गुंडाळायचा, चक्कर नाही ना हे बघून मगच उठायचं. डाव्या हाताने दांडा धरता येईल अशा बाजूला तो लावा, ऑपरेशनच्या बाजूच्या हातावर भार नको. पहिले काही वेळा तुम्ही दाराशी थांबा. क्लिनिकचं उत्तर आलं की इथे नक्की लिहा.