मदत हवी आहे: १२८ टर्न सांगितले, मशीनने १५५ मारले (अर्डुइनो, सीरियल)

नमस्कार मंडळी. खानापूरजवळ काकांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोनोब्लॉक पंपांची कामं जास्त. कॉइल अजून दांडा फिरवून, तारेचे वेढे (टर्न) मोजत भरतो. काका मराठीत मोजतात, हेल्पर कन्नडात, आणि गिऱ्हाईक आलं की दोघांचाही आकडा हरवतो. म्हणून अर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), स्टेपर मोटर (एकेका ठरावीक पावलाने फिरणारी) आणि एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल घेऊन मशीन करायला बसलोय. मोबाइलवरून आकडा पाठवायचा, तेवढे टर्न मारून त्यानं थांबायचं.

पहिल्या दिवशी १२८ पाठवले. ४९ टर्न मारले, जरा थांबलं, मग ५०, परत थांबलं, मग ५६. काका म्हणाले, "तुझं मशीन खुळं झालंय की रे." तांब्याची तार किती वाया गेली ते विचारू नका.

नंतर कळलं की सीरियल.रीड(), म्हणजे आलेला निरोप वाचायची आज्ञा, एका वेळी एकच अक्षर देतं, तेही आस्की कोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर): '१' म्हणजे ४९, '२' म्हणजे ५०, '८' म्हणजे ५६. (इथे देवनागरीत लिहितोय, जातात इंग्रजी आकडेच.) ४८ ('०' चा कोड) वजा केले, तर आता १, मग २, मग ८ टर्न! अव्हेलेबल() (किती अक्षरं येऊन थांबलीत ते सांगतं) शून्य होईपर्यंत अक्षरं जोडून पाहिली, तर कधी १२८ मिळतात, कधी नुसता १. आधी डिले(१००), म्हणजे १०० मिलिसेकंदांची थांब, टाकला की चालतं, पण हे जुगाड वाटतं. शिवाय तार अडकली की थांबण्यासाठी 'एस' पाठवतो, तो मशीन सगळे टर्न संपल्यावरच ऐकतं. निरोप संपला हे ओळखायचं कसं?

उत्तर १
९६०० बॉडला (निरोप जाण्याचा वेग) एक अक्षर यायला साधारण १ मिलिसेकंद लागतो. तुमचा लूप (पुन्हा पुन्हा चालणारा कोड) त्याच्या कितीतरी पुढे पळतो. '१' वाचला तेव्हा '२' वाटेतच असतो. अव्हेलेबल() शून्य म्हणजे "अजून आलं नाही", "संपलं" नव्हे. संपलं हे पाठवणाऱ्यानेच सांगायचं, शेवटी न्यूलाइन (ओळ संपल्याचं अक्षर) लावून. १६ अक्षरांचा (ओळीने १६ जागांचा) कॅर अ‍ॅरे घ्या, न्यूलाइन येईपर्यंत भरत जा, आली की शेवटी नल (मजकूर संपल्याची खूण) ठेवून एटीओआय() करा, म्हणजे अक्षरांचा आकडा होईल. कॅरेज रिटर्न, म्हणजे कोड १३, आला तर सोडून द्या. अ‍ॅरे नलची एक जागा सोडून भरल्यावर येणारी अक्षरं फेकून द्या, नाहीतर शेजारच्या मेमरीत घुसाल. रीडस्ट्रिंग() वापरू नका, ते शेवटच्या अक्षरानंतर एक सेकंद वाट बघत बसतं.

उत्तर २
'एस' पोचतो हो, पण ६४ बाइटच्या बफरात (आलेली अक्षरं साठवायची जागा) पडून राहतो, कारण तुम्ही टर्नच्या फॉर लूपमध्ये अडकलेले. तो फॉर काढा. मुख्य लूपच्या प्रत्येक फेरीत आलेलं अक्षर वाचा आणि मायक्रोज() (मायक्रोसेकंदांचं घड्याळ) बघून वेळ झाली असेल तर एकच स्टेप टाका. आणि फिरत्या मशीनला थांबवायला ब्लूटूथवर विसंबू नका. ड्रायव्हरच्या (मोटरला वीज देणाऱ्या सर्किटच्या) सप्लायवर लाल बटन बसवाच.

धागाकर्ता
दोन्ही केलं. आधी मशीन हलेचना. कोड तीनदा तपासला, आणि निघालं काय, तर मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये न्यूलाइन बंद! निरोप कधी पुराच होत नव्हता. चालू करून १२८ पाठवले. काकांनी मराठीत मोजले, हेल्परने कन्नडात, दोघांचेही १२८ भरले. 'एस'ही मध्येच ऐकतं. बटन बेळगावला गेलो की आणतो, तोवर काका प्लगजवळ उभे राहतात.