ग्रुप : मधली वाडी, गावकरी आणि मुंबईकर

आप्पा (गाव) : सर्वांस नमस्कार. काल शाळेत सभेला गेलो होतो. पटावर सहा मुले असून त्यांपैकी चार आंबा बागांत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची आहेत. पावसाळ्यात ही कुटुंबे गेली की पट दोनवर येतो आणि शाळा बंद करण्याची भाषा सुरू होते. त्यांतील एक कुटुंब यंदा बाराही महिने राहण्यास तयार असून त्याने आपल्या खालच्या बंद घराची पडवी भाड्याने मागितली आहे. घर चौघा भावांचे असल्यामुळे येथे विचारत आहे.

बाळादादा (डोंबिवली) : आप्पा, आपला मान राखून लिहितो. वडिलोपार्जित घरात परक्याचे बिऱ्हाड घातले तर उद्या त्याला बाहेर कोण काढणार? माझा विरोध नोंदवून घ्यावा.

खजिनदार (विरार) : ज्यांची घरे बंद आहेत त्यांनी चावी कोणाकडे आहे ते कृपया आजच कळवावे.

आप्पा (गाव) : बाळा, गणपतीत आणि शिमग्याला वाडी भरते हे खरे, पण एरवी येथे फक्त सात चुली पेटतात आणि त्यांतील पाच चुलींपाशी एकेकटे म्हातारे माणूस बसलेले असते.

नंदू (पुणे) : हे केवळ आपल्याच वाडीचे नाही. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली; सिंधुदुर्गातही घट झाली. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, याचा अर्थ कमावते पुरुष बाहेर होते.

सुमनकाकी (गाव) : त्या ११२२ मध्ये मी आहे बरे, नंदू. माझे लग्न झाले तेव्हा हे गिरणीत होते. १९८२ च्या संपात घरी आले, दोन पावसाळे भात लावले, आणि मनीऑर्डरीशिवाय भागत नाही हे कळल्यावर पुन्हा मुंबईला गेले. जमीन तुकड्या-तुकड्यांची, पीक एकच, त्यात आता माकडे आणि डुकरे. तुम्ही का गेलात हे मला विचारावे लागत नाही. फक्त गेल्यावरही इथला हुकूम तुम्हीच सोडावा, एवढे मात्र समजत नाही.

विनू (विरार) : मुंबई शहर जिल्ह्याचीही लोकसंख्या त्याच दहा वर्षांत घटली होती, कारण आपण लालबागहून विरारला आलो. आता विरार पालघर जिल्ह्यात गेल्यामुळे पुढच्या जनगणनेत आपण पालघरचे गावकरी म्हणून मोजले जाऊ. शिमगा तिकडेच करावा काय?

बाळादादा (डोंबिवली) : विनोद पुरे. २०२० मध्ये आम्ही जीव मुठीत धरून गावी आलो तेव्हा आम्हालाच वेशीवर अडवून चौदा दिवस शाळेत ठेवले होते. तेव्हा घरचे परके झाले आणि आता परक्यांना पडवी, हा न्याय मला कळत नाही.

सुमनकाकी (गाव) : त्या चौदा दिवसांचा डबा कोणाच्या चुलीवरचा होता, तेही लिहावे.

खजिनदार (विरार) : पुन्हा विनंती. बंद घराची चावी कोणाकडे आहे ते कळवावे.

मालूवहिनी (नालासोपारा) : दादा, रागावू नका. आपले मामंजी गिरणगावात गावकीच्या खोलीत राहत होते, तेथे पाळीप्रमाणे माणसे झोपत आणि प्रत्येकाला एक खुंटी आणि एक ट्रंक एवढीच जागा असे. त्या खोलीच्या मालकालाही आपण परकेच होतो. रीतसर करारपत्र करून भाडे घरपट्टीला लावावे, असे मला वाटते.

बाळादादा (डोंबिवली) : वहिनी, खोली आणि वडिलांचे घर यांत फरक आहे.

खजिनदार (विरार) : तिसऱ्यांदा लिहीत आहे. चावी कोणाकडे आहे?

आप्पा (गाव) : खालच्या घराची चावी तीन वर्षांपासून त्याच नेपाळी गृहस्थाकडे आहे. दर मे महिन्यात कौले तोच शाकारतो. मागच्या वादळात परसातला फणस पडवीवर कोसळला, तो तोडून वासे त्यानेच बसवले. मजुरी मी दिली.

बाळादादा (डोंबिवली) : आप्पा, हे आधी का सांगितले नाहीत?

आप्पा (गाव) : घर गळते का, असे तू तरी कधी विचारलेस?

बाळादादा (डोंबिवली) : मजुरी किती झाली ते कळवावे, माझा वाटा पाठवतो. पडवीविषयी रविवारी फोनवर बोलू.

खजिनदार (विरार) : एका घराची नोंद झाली. उरलेल्या अकरा घरांनी चावी कोणाकडे आहे ते कृपया आजच कळवावे.